रविवारी दुकान का बंद? रविवारच्या निर्बंधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे जर्मनीला गेलेले आईबाबा, न्यू जर्सीत नवं बिऱ्हाड थाटलेलं जोडपं, इंग्लंडला शिकायला गेलेली भाची, सगळ्यांकडून एकाच धर्तीचे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

रविवारच्या निर्बंधांचे कायदे म्हणजे नक्की काय?

रविवारी काही व्यवहार आणि काही करमणूक कायद्यानेच बंद ठेवायची, असे कायदे. दुकानं, दारूविक्री, मोटारींची शोरूम, शिकार, तिकीट लावून भरवलेले सामने, काही ठिकाणी तर गवत कापायचं यंत्रसुद्धा. आपल्या ओळखीच्या साप्ताहिक सुट्टीपेक्षा हे वेगळं आहे. साप्ताहिक सुट्टी कामगाराला मिळते. इथे मालकाला, गिऱ्हाइकाला आणि कधी कधी शेजाऱ्यालाही थांबावं लागतं. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढचे जवळजवळ सगळे खटले त्याच्याभोवतीच फिरतात.

जर्मनीत उद्या रविवार. आज काय काय उरकून घेऊ?

किराणा, भाजी, दूध, घरातलं बिघडलेलं काही दुरुस्त करायचं असेल तर त्याचं सामान. सुपरमार्केट, कपड्यांची, फर्निचरची, हार्डवेअरची दुकानं रविवारी बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळावरची दुकानं, पेट्रोलपंपावरचं छोटं दुकान, पाळीप्रमाणे एखादं औषधांचं दुकान आणि काही तास बेकरी एवढं उघडं सापडतं. उपाहारगृहं, चित्रपटगृहं, संग्रहालयं चालू असतात, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही. ऐन वेळी कोथिंबीर मात्र मिळणार नाही. शिवाय प्रत्येक राज्यात वर्षातले मोजके रविवार जत्रा, उत्सव अशा निमित्ताने दुकानं उघडायला परवानगी असते. त्या तारखा गावाच्या संकेतस्थळावर दिलेल्या असतात.

रविवारी ड्रिल चालवलं तर शेजारी खरंच तक्रार करतात?

करतात, आणि कायदा त्यांच्या बाजूने असतो. गवत कापायच्या यंत्रासारखी आवाज करणारी यंत्रं निवासी भागात उघड्यावर रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दिवसभर चालवता येत नाहीत; इतर दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ बंदी. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या संकलनपेटीत खळ्ळकन टाकायलाही रविवारी मनाई असते, त्या पेटीवरच तसं लिहिलेलं असतं. साडेसात टनांहून जड मालट्रक शनिवारच्या मध्यरात्रीपासून रविवारी रात्री १० पर्यंत रस्त्यावर आणता येत नाहीत. ताजं दूध, मांस, मासळी, नाशवंत फळं-भाज्या यांना सूट आहे.

आपल्याकडे रविवारी सकाळी सोसायटीत फरशी कापायचं काम निघतं, ते आठवून मला ह्या नियमाचा हेवा वाटतो.

पण जर्मनीत हे इतकं घट्ट का?

कारण हा नियम थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमाने रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित केला. १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमाद्वारे ते जुनं कलम जसंच्या तसं आत घेतलं. दुकानांच्या वेळा ठरवायचा अधिकार २००६ मध्ये केंद्राकडून राज्यांकडे गेला. त्या संधीचा फायदा घेऊन बर्लिनने नाताळआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायची मुभा दिली. चर्चनी दाद मागितली आणि १ डिसेंबर २००९ ला घटना न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. दुकानदाराचा धंदा व्हावा आणि गिऱ्हाइकाला खरेदी करावीशी वाटावी, एवढंच कारण रविवार मोडायला पुरेसं नाही, असं न्यायालय म्हणालं.

ह्या लढाईत चर्च आणि सेवाक्षेत्रातली मोठी कामगार संघटना एकाच बाजूला उभ्या राहतात. एकाला प्रार्थनेसाठी दिवस हवा, दुसऱ्याला काउंटरवरच्या बाईला घरी पाठवायचं आहे. ही जोडी ओळखून ठेवा. ती पुढे पोलंडात भेटेल आणि, निराळ्या वेषात, परळच्या गिरणीतही.

दुकानात माणूसच नसेल तर? मग कोणाची विश्रांती मोडते?

हाच प्रश्न हेस राज्यात न्यायालयापर्यंत गेला. टेगुट ह्या साखळीने 'तेओ' नावाची छोटी स्वयंचलित दुकानं काढली. दार कार्डाने उघडायचं, माल स्वतः उचलायचा, पैसे यंत्रावर भरायचे, विक्रेता नाही. २०२३ च्या अखेरीस राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रविवारी बंद ठेवायला सांगितली. कामगार असो वा नसो, दुकान ते दुकानच. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलून अशा छोट्या दुकानांना वाट करून दिली.

माझ्या मते ह्या प्रकरणाइतकी चोख परीक्षा दुसरी नाही. रविवार फक्त कामगारासाठी असता, तर ह्या दुकानावर हरकत घ्यायचं कारणच नव्हतं.

ह्याची सुरुवात कधी झाली?

रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने ७ मार्च ३२१ ला फर्मान काढलं: सूर्याच्या आदरणीय दिवशी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी काम थांबवावं. शेतकऱ्याला मात्र मोकळीक, कारण पेरणीचा आणि द्राक्षवेल लावायचा मुहूर्त टळला तर नुकसान होतं. म्हणजे पहिल्याच कायद्यात अपवादही आला. तेव्हापासून रविवारचा प्रत्येक कायदा अपवादांनीच गाजला आहे.

इंग्लंडात १६७७ च्या कायद्याने रविवारी नेहमीचा धंदा करायला बंदी घातली. अमेरिकेतल्या वसाहतींत तर त्याआधीच कडक नियम होते. व्हर्जिनियात १६१० च्या नियमानुसार रविवारची प्रार्थना चुकवली तर आठवड्याचा शिधा बंद, दुसऱ्यांदा फटके, तिसऱ्यांदा देहदंड.

रविवारी बाळाचा मुका घेतला तर आईला शिक्षा व्हायची, हे खरं का?

नाही. अमेरिकेत ह्या कायद्यांना 'ब्लू लॉज' म्हणतात, आणि त्यांच्या नावावर खपणारे बरेचसे किस्से सॅम्युएल पीटर्स ह्या धर्मगुरूच्या १७८१ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकातून आलेत. अमेरिकन क्रांतीत तो ब्रिटिशांच्या बाजूचा. कनेक्टिकटमधून त्याला पळून जावं लागलं होतं. त्या रागात त्याने न्यू हेवन वसाहतीच्या कायद्यांची एक यादी दिली. त्यात हे मुक्याचं कलम आहे. मूळ कायद्यांत ते नाही. व्हर्जिनियाचं फटक्यांचं कलम मात्र अस्सल आहे, पण ते कोणी सांगत नाही.

अमेरिकेत धर्म आणि राज्य वेगळे ना? मग हे कायदे टिकले कसे?

१९६१ च्या एका निकालामुळे. मेरीलँडमधल्या हमरस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात रविवारी काही वस्तू विकल्याबद्दल सात कर्मचाऱ्यांवर खटला झाला. वस्तू कोणत्या? कागद अडकवायची फाइल, फरशीच्या मेणाचा डबा, स्टेपलर आणि त्याच्या पिना, खेळण्यातली पाणबुडी. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. त्याच राज्यात त्याच रविवारी तंबाखू, मिठाई, दूध, पाव, पेट्रोल, वर्तमानपत्र विकणं कायदेशीर होतं.

'मॅकगोवन विरुद्ध मेरीलँड' ह्या नावाने खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी मान्य केलं की ह्या कायद्यांचा जन्म धर्मातूनच झाला. पण काळाच्या ओघात हेतू बदलला, आता तो सगळ्यांना एकाच दिवशी विश्रांती मिळावी हा आहे, आणि राज्याला तसा दिवस नेमता येतो, असं त्यांनी म्हटलं. एकटे न्यायमूर्ती डग्लस विरोधात गेले.

जे शनिवार पाळतात त्यांचं काय?

त्याच दिवशी त्याचाही निकाल लागला, आणि माझ्या मते तिथे न्यायालय चुकलं. फिलाडेल्फियातले सनातनी ज्यू व्यापारी म्हणाले, शनिवारी आमचा धर्म दुकान उघडू देत नाही, रविवारी तुमचा कायदा. शेजारचा ख्रिस्ती दुकानदार आठवड्यात सहा दिवस धंदा करणार आणि आम्ही पाच. न्यायालय म्हणालं, कायदा तुमचा धर्म बंद करत नाही, फक्त तो पाळणं महाग करतो. ज्याचं दुकान हातातून जायची वेळ आली आहे त्याला हे सांगून काय समाधान मिळणार? शनिवार पाळणाऱ्यांना सूट देणारी राज्यं तेव्हाही होती, म्हणजे तोडगा अशक्य नव्हता.

कॅनडातही असंच आहे का?

उलट आहे. कॅनडाचा १९०६ चा कायदा नावानेच 'प्रभूच्या दिवसा'चा होता. १९८२ मध्ये कॅलगरीतल्या 'बिग एम ड्रग मार्ट' ह्या दुकानावर रविवारी माल विकल्याचा खटला भरला गेला. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला. अमेरिकेतला 'हेतू बदलला' हा युक्तिवाद न्यायमूर्ती डिक्सन यांनी नाकारला: कायदा करताना जो हेतू होता तोच त्याचा हेतू, वर्षं लोटली म्हणून तो बदलत नाही.

पण पुढच्याच वर्षी ह्याच न्यायालयाने ओन्टारियो प्रांताचा दुकानबंदीचा कायदा वैध ठरवला. तो मुळातच कामगारांच्या सुट्टीसाठी केलेला होता आणि शनिवारी बंद राहणाऱ्या छोट्या दुकानांना त्यात रविवारची सूट होती. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते. विश्रांती द्यायची आहे ना, मग विश्रांतीचा कायदा करा.

न्यू जर्सीत रविवारी मॉल बंद, हे कसं काय?

सगळीकडे नाही, फक्त बर्गन काउंटीत. पॅरामसचे प्रचंड मॉल तिथेच आहेत, त्यामुळे चटका जास्त बसतो. किराणा, औषधं, उपाहारगृहं चालू. कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणं बंद. एडिसन किंवा जर्सी सिटीकडून सोफा घ्यायला निघत असाल तर शनिवारी जा. १९९३ मध्ये काउंटीत मतदान झालं तेव्हा लोकांनीच बंदी राखली. धर्म हे त्यामागचं मोठं कारण नाही. सहा दिवस गाड्यांच्या रांगा सोसल्यावर एक दिवस रस्ता मोकळा मिळावा, एवढंच तिथल्या रहिवाशांचं म्हणणं. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर लोकांना सामानसुमानाची निकड होती म्हणून राज्यपालांनी एका रविवारपुरती बंदी उठवली होती.

मोटार आणि दारूचं काय?

मोटारींची विक्री अनेक राज्यांत रविवारी बंद असते आणि बऱ्याचदा डीलरांनाच ती बंदी हवी असते. सगळेच बंद असतील तर गिऱ्हाईक कोणाचंच जात नाही, शिवाय पगाराचा एक दिवस वाचतो. टेक्सासमध्ये डीलरने बंद ठेवायला शनिवार-रविवारपैकी एक दिवस निवडायचा. त्याच टेक्सासने १९६१ मध्ये ४२ प्रकारच्या वस्तू लागोपाठच्या शनिवारी-रविवारी विकायला बंदी केली होती. भांडी, वॉशिंग मशीन, पडदे, घड्याळं, खेळणी. ती यादी १९८५ मध्ये गेली.

दुकानातून दारू विकत घ्यायची बंदी मिनेसोटाने २०१७ मध्ये आणि इंडियानाने २०१८ मध्ये उठवली.

इंग्लंडात सुपरमार्केट दुपारी चारलाच बंद का होतं?

१९९४ च्या कायद्यामुळे. २८० चौरस मीटरहून मोठं दुकान रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ ह्या वेळातले सलग सहाच तास उघडता येतं. बहुतेक जण १० ते ४ किंवा ११ ते ५ घेतात. ईस्टरच्या रविवारी पूर्ण बंद. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला बंधन नाही. तिथे आपल्याकडच्या, विशेषतः गुजराती कुटुंबांनी चालवलेली अशी दुकानं अनेक आहेत, त्यांचा रविवारचा धंदा ह्या रेषेवर चालतो. काही मोठी दुकानं अर्धा तास आधी दार उघडतात. फिरा, बघा, टोपली भरा. पैसे मात्र दहा वाजल्यावरच घेणार.

ह्याआधीचा १९५० चा कायदा वस्तूवार होता आणि त्यातल्या विसंगतींवर इंग्रज मनमुराद हसत. मार्गारेट थॅचर यांनी १९८६ मध्ये तो गुंडाळायचा प्रयत्न केला. संसदेत मोठं बहुमत असूनही २९६ विरुद्ध २८२ मतांनी विधेयक पडलं. त्यांच्याच पक्षातले चर्चवाले आणि समोरच्या बाकांवरचे कामगार संघटनावाले एक झाले होते. २०१६ मध्ये वेळा वाढवायचा पुन्हा प्रयत्न झाला, तोही पडला.

हा कायदा इंग्लंड आणि वेल्सचा. स्कॉटलंडमध्ये दुकानांवर असं बंधन नाही. तरीही स्कॉटलंडच्याच लुईस बेटावर लोक इतका कडक रविवार पाळत, की मुलांच्या बागेतले झोपाळेही बांधून ठेवत. तिथल्या स्टॉर्नवे बंदरातून रविवारची नियमित प्रवासी बोट २००९ मध्ये सुरू झाली.

क्रिकेटशी ह्याचा संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

चांगलाच आहे. १७८० च्या कायद्याने इंग्लंडात रविवारी प्रवेशशुल्क घेऊन करमणूक भरवायला बंदी होती. त्यामुळे तिथल्या कसोट्यांत रविवार हा विश्रांतीचा दिवस असे. गुरुवारी सामना सुरू, शनिवारनंतर थांबा, सोमवारी पुढे. काउंटी संघांचे प्रेक्षक आटत चालले तेव्हा सुटीच्याच दिवशी खेळायची कल्पना निघाली आणि १९६९ मध्ये जॉन प्लेअर लीग सुरू झाली. रविवारी दुपारी ४० षटकांचा सामना, गोलंदाजाचा रनअपसुद्धा मोजून १५ यार्डांचा, टीव्हीवर थेट. एका दुपारीत संपणारं क्रिकेट तिथल्या घराघरांत पोचलं ते बरंचसं ह्या रविवारांमुळे.

इंग्लंडातल्या कसोटीत रविवारी पहिल्यांदा खेळ झाला तो १९८१ मध्ये, ट्रेंट ब्रिजला. ऑस्ट्रेलियाने त्याच रविवारी चार गडी राखून सामना मारला.

फुटबॉलवाल्यांनी १९७४ च्या जानेवारीत वेगळी शक्कल लढवली. कायदा तिकीट विकू देत नाही ना, मग प्रवेश 'मोफत', फक्त आत जायला कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची. तिची किंमत तिकिटाएवढी.

अशा पळवाटा इतर देशांतही काढतात?

पोलंडने त्यात बाजी मारली. 'सॉलिडॅरिटी' ह्या कामगार संघटनेच्या पुढाकाराने आणि चर्चच्या पाठिंब्याने तिथे २०१८ पासून टप्प्याटप्प्याने रविवारची दुकानबंदी आली. टपालसेवा देणाऱ्या जागांना सूट होती, तर साखळी दुकानांनी पार्सलं घ्यायला सुरुवात केली आणि आम्ही टपाल कार्यालय आहोत म्हणून दारं उघडी ठेवली. २०२२ मध्ये सरकारने नियम आवळला. मालक स्वतः गल्ल्यावर बसला तर मात्र आजही दुकान उघडता येतं. हंगेरीने २०१५ मध्ये अशीच बंदी आणली आणि लोकांचा रोष बघून पुढच्याच वर्षी मागे घेतली.

सगळ्यात कडक देश कोणता?

माझं मत टोंगाला. प्रशांत महासागरातल्या ह्या राज्याच्या १८७५ च्या घटनेतच रविवार पवित्र ठरवलेला आहे. त्या दिवशी धंदा बंद, आणि त्या दिवशी केलेला करार रद्दबातल. १९८२ च्या चक्रीवादळानंतर बेकऱ्यांना सूट मिळाली, ती पुढे अनेक वर्षं राहिली.

आपल्याकडे रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली ना?

सरकारी कचेऱ्यांत इंग्रजांचा रविवार होताच. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र तो कोणी दिला नाही, त्याने तो मिळवला. गिरण्या सणावाराला थांबत. एरवी रविवारीही अर्धा दिवस यंत्रं पुसण्यात जाई. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी आयोगापुढे ठेवलं. पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुट्टीची. बाकीच्या दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार, अशा. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केलं. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला तो मोकळा हवा, असाही युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचं सांगितलं जातं. चर्चचा दिवस आणि जेजुरीचा दिवस एकच निघाला, हा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला असणार. वर म्हटलेली परळच्या गिरणीतली जोडी ती हीच.

मग भारतात रविवारबंदीचा कायदा आहे का?

नाही. आपल्या कायद्यांनी सुट्टी दिली, वार सक्तीचा केला नाही. १९४२ च्या साप्ताहिक सुट्टी कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचं होतं, पण दिवस दुकानदाराने ठरवायचा आणि दर्शनी भागात पाटी लावायची. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी काम बंद ठेवलं. आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो अशी व्याख्या असल्याने तो दिवस रविवारच ठरे, पण बदली सुट्टी देऊन त्या दिवशी काम करून घेता येई.

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानंतर दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. कामगाराला मात्र आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावीच लागते. त्या दिवशी बोलावलं तर बदली रजा. मला हीच मांडणी सगळ्यात सरळ वाटते, पण तिच्यात एक उणीव आहे. नवऱ्याची सुट्टी मंगळवारी, बायकोची शुक्रवारी आणि पोरांची रविवारी असेल, तर कायदा पाळला जातो आणि घर एकत्र बसत नाही. जर्मन न्यायालय एकाच सामायिक दिवसाचा आग्रह धरतं तो ह्यासाठीच.

म्हणून पुण्यात सोमवारी दुकानं बंद असतात का?

हो, हा त्या निवडीचाच वारसा. लक्ष्मी रस्ता किंवा दादरच्या दुकानदाराला रविवारी गिऱ्हाईक सोडणं परवडत नाही, तर त्याने सोमवार धरला. गोव्यात बरेच दुकानदार रविवारच धरतात. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. तिथे वार ना देवाने ठरवला ना दुकानदाराने, विजेचा भार विभागण्यासाठी तो ठरला.